गुप्तहेराचं सुतक

आमच्या हिचा वाचनाचा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. डोंबिवलीत असताना एका गुप्तहेराच्या कथामालेवर ती जीव टाकायची. नवा भाग लायब्ररीत आला की पहिला हिच्या हातात. नवव्या भागात लेखकाने त्या गुप्तहेरालाच मारून टाकलं, आणि आमच्या घरात सुतक! आमटीत मीठ नाही, माझ्याशी धड बोलणं नाही.

"अगं, मी मारलं का त्याला?"

"अहो, लेखक ठाण्यातच राहतात. चला, जाब विचारू."

कपाळाला हात लावून गेलो. लेखकाच्या बायकोने दार उघडलं. ही उंबऱ्यातच कडाडली, "इतका चांगला माणूस मारवतो तरी कसा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आत बसलेत, त्यांनाच विचारा. मी तेव्हापासून अबोला धरलाय. आणि जाताच आहात, तर पान वाढलंय म्हणून सांगा."