उसनी ओळ

दिओलिंदा : बरं, ही ऐका, काका. ‘प्रत्येक सकाळ म्हणजे एक कोरं पाकीट.’

झेफेरीनु : कोण म्हणालं हे?

दिओलिंदा : साखरेच्या पुडीवर छापलंय. कॉफीच्या दाण्याचं चित्र आहे. नाव कुणाचं नाही.

झेफेरीनु : म्हणजे कुणीच म्हणालं नाही. पुढची.

दिओलिंदा : ‘मन मोठं असलं की छोटा कपही भरलेला वाटतो.’

झेफेरीनु : ही तुझ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखव. तू कप लहान केलेस तेव्हापासून कुरकुरतायत सगळे.

दिओलिंदा : सतरा पुड्या वाचल्या मी, सतरा! तिकडे लोक बिनसाखरेची कॉफी पितायत आणि मी इथं तुमच्यासाठी सुविचार निवडत बसलेय. उद्या रविवार आहे.

झेफेरीनु : रविवार कधी असतो ते मला कळतं.

दिओलिंदा : मग उद्या बाल्तझारकाकांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला उभं राहून काय म्हणणार? पेर्पेतुआमावशींना तुम्ही माझ्यासमोर ‘हो’ म्हटलंय.

झेफेरीनु : वहिनींना नाही म्हणवत नाही. त्यांच्या नवऱ्याला म्हटलं असतं.

दिओलिंदा : अहो, अवघड काय आहे त्यात? अकरा वर्षं झाली मला या गावात येऊन, नियम मलाही पाठ झालाय. ओळ दुसऱ्यानं द्यायची, कडवं तुम्ही रचायचं, आणि शेवटी तीच ओळ आणायची, एक शब्द न बदलता. मग पुडीवरची का चालत नाही?

झेफेरीनु : तिला धरायला जागा नाही, पोरी. ओळ कशी, कुणीतरी कुणालातरी म्हटलेली हवी. चिडून म्हणू दे, दमून म्हणू दे, थट्टेत म्हणू दे. मग मला विचारता येतं, बाबा रे, असं का म्हणालास? तिथून कडवं सुटतं. पाकिटाला काय विचारू?

दिओलिंदा : मग एखादी स्वतःच करा.

झेफेरीनु : स्वतःला गुदगुल्या करून बघ. येतं हसू?

दिओलिंदा : मी देते. ‘काका, खुर्ची अडवून बसू नका.’

झेफेरीनु : पुडीपेक्षा बरी आहे. पण वाढदिवसाला कशी चालेल?

दिओलिंदा : बाल्तझारकाका देत होते तेव्हा सगळ्याच चालायच्या.

झेफेरीनु : त्याचं नाव काढू नकोस.

दिओलिंदा : कविता त्यांच्यावर आणि नाव काढायचं नाही! कमाल आहे. खरं सांगा, तुम्ही दोघं बोलेनासे झालात त्या तीन वर्षांत किती कडवी झाली?

झेफेरीनु : एक कॉफी दे.

दिओलिंदा : एकही नाही ना?

झेफेरीनु : कॉफी दे म्हटलं.

(पेर्पेतुआ आत येते. हातात पावाची कागदी पिशवी.)

पेर्पेतुआ : भावोजी, झालं का?

झेफेरीनु : होतंय, वहिनी.

दिओलिंदा : कुठलं होतंय, मावशी? पहिली ओळच सापडत नाहीये. तुम्हीच द्या एखादी. नाहीतर काकांची सांगा. सलूनमध्ये केस कापताना काय म्हणतात हल्ली?

पेर्पेतुआ : पुटपुटत असतात. गिऱ्हाइकाची मान खाली घातली की काहीतरी म्हणतात, मग कात्री थांबवतात आणि म्हणतात, ‘वाया गेली.’

झेफेरीनु : काय वाया गेली?

पेर्पेतुआ : ओळ. दुसरं काय? तुम्ही येत नाही, मग कुणाला देणार?

झेफेरीनु : एखादी आठवते?

पेर्पेतुआ : मला कुठल्या आठवायला? मी आपली केस झाडते. एकच लक्षात आहे. तुम्हाला शेवटची दिली ती.

झेफेरीनु : शेवटची मला द्राक्षतोडणीच्या वेळी दिली होती. माशीवरची.

पेर्पेतुआ : ती नव्हे. त्यानंतरची. तेलघाणीवरच्या जेवणात, सगळ्यांसमोर. ‘मी नसतो, तर तू मुका असतास.’

झेफेरीनु : ती ओळ नव्हती, वहिनी. तो अपमान होता. टाळ्या मला पडत होत्या ते त्याला बघवलं नाही. सगळं गाव हसलं.

दिओलिंदा : मीसुद्धा हसले होते. माफ करा.

पेर्पेतुआ : त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले, ठाऊक आहे? ‘इतकी चांगली ओळ दिली आणि हा ताट सोडून गेला.’

झेफेरीनु : असं म्हणाला?

पेर्पेतुआ : आता मी काही भोळी नाही. बावन्न वर्षं संसार केलाय, त्यांच्या थापा मला कळतात. अर्धा अपमान होताच. पण अर्धी ओळ होती.

झेफेरीनु : मग तीन वर्षांत एकदा येऊन सांगायचं होतं.

पेर्पेतुआ : मी हजारदा म्हटलं. तर म्हणे, ‘मी ओळ दिली, उत्तर त्यानं द्यायचं. नियम आहे.’ आणि मला तंबी, मधे पडायचं नाही. आज पडले. तुम्ही दोघं आता ऐंशीला आलात. आणखी किती वाट बघू?

दिओलिंदा : काका? कॉफी गार होतेय.

झेफेरीनु : शब्द कसे होते, वहिनी? नेमके सांगा. ‘मी नसतो’ की ‘मी नसलो’?

पेर्पेतुआ : ‘मी नसतो, तर तू मुका असतास.’

झेफेरीनु : दिओलिंदा, पेन आहे?

दिओलिंदा : आहे. कागद नाही. पुडीवर लिहू?

झेफेरीनु : पावाच्या पिशवीवर लिही. लिही... ‘चाळीस वर्षं तुझ्या खुर्चीत बसून, केस तिथं ठेवले, ओळ आलो घेऊन.’

पेर्पेतुआ : हे खरं आहे. केस सगळे आमच्याकडेच राहिले.

झेफेरीनु : मधे बोलू नका, वहिनी. ‘तीन वर्षं रुसलो, ना गाणं, ना सहवास, एक एक दिवस गेला जसा उपास.’

दिओलिंदा : उपास? रोज इथं दोन वाडगे सूप हाणता तुम्ही!

झेफेरीनु : कवितेत उपास असतो. लिही. ‘तेव्हा झोंबलं, आज म्हणतो, खरं बोललास...’

दिओलिंदा : आणि मग?

झेफेरीनु : मग त्याची ओळ. आहे तशी.

पेर्पेतुआ : ‘मी नसतो, तर तू मुका असतास.’ अगंबाई. एक शब्द बदलला नाही हो तुम्ही.

झेफेरीनु : कडवं दहा ओळींचं असतं. चार राहिल्या, मधे बसतील. अंधार पडायच्या आत होतात.

दिओलिंदा : मावशी, डोळे पुसा. ही घ्या पिशवी. नको, थांबा, ही इथंच राहू दे. पाव तुम्हाला फडक्यात बांधून देते.

पेर्पेतुआ : पण भावोजी, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं कडवं संपलं रे संपलं की उठतील आणि सगळ्यांसमोर काहीतरी लागेल असं बोलतील.

झेफेरीनु : बोलू दे, वहिनी. सोमवारी मला ओळ लागेलच.