पंचामृतातला ओपल

माधुरी : चांदी नका बघू बन्सीशेठ, खडा बघा. कालपर्यंत आत हिरवे-तांबडे रंग पळत होते. आता नुसता पिवळट.

बन्सी : वहिनी, ह्यो ओपल हाय. पान्यात टाकला हुता का?

माधुरी : पाण्यात कशाला. पंचामृतात. रात्रभर.

बन्सी : मध, तूप, समदं?

माधुरी : काही हात आखडला नाही. शुक्राचा खडा ना, शुद्ध करून घातला की नवरा-बायकोचं जुळतं म्हणतात.

बन्सी : तुमचं आन् सायबांचं?

माधुरी : आमचं मेलं काय जुळायचं राहिलंय. सुनेची अंगठी आहे. काल कणीक मळताना तिनं काढून ठेवली, मी उचलली. पहिल्या पगारातनं घेतलेली. केदारशी भांडून आज चारच्या गाडीनं माहेरी निघालीये. कपाट आवरतेय, आणि अंगठी सापडेना म्हणून घर पालथं घातलंय.

बन्सी : तिला म्हाईत न्हाई तर.

माधुरी : असाच दुसरा बसवा. तासाभरात.

बन्सी : असाच कुठनं आनू? एका ओपलाचे रंग दुसऱ्यात नसत्यात. रोज बोटात घालनारी, बघताच वळखंल.

माधुरी : मग जरा शेगडीवर वाळवा.

बन्सी : तडकंल. ह्यो पानी पितो वहिनी. सावलीत ऱ्हाऊ द्या, पंधरा दिसांत रंग येत्याल. तुपाचं मातर मी सांगत न्हाई.

माधुरी : नळाखाली पडली म्हणून सांगते तिला.

बन्सी : कडेला अजून तूप हाय.

(देवश्री घाईनं दुकानात येते.)

देवश्री : आई, फोन का उचलत नाही? केदार म्हणाला तुम्ही बन्सीकाकांकडे... ही माझीच ना?

माधुरी : तुझीच. नळा... नाही. मीच घेतली. पंचामृतात ठेवली, तुमचं जुळावं म्हणून. बिघडली.

देवश्री : मला विचारायचं तरी.

माधुरी : हसली असतीस.

देवश्री : हसले असते.

बन्सी : पंधरा दिस हात लावू नगा पोरी. ऊन बी नगं.

देवश्री : तूप कुठलं होतं?

माधुरी : घरचं. साजूक.

देवश्री : मला पोळीवर थेंब मोजून घालता.

माधुरी : चेष्टा पुरे. कापसात गुंडाळून देतात ते, घेऊन जा.

देवश्री : गाडीत ऊन लागेल तिला. माझ्या कपाटात ठेवा. वरचा खण आवरला नाहीये मी.