फ्लेक्सच्या मशीनचे शेअर

शेअर घ्यावेत का, हे मला विचारू नका. आमच्या दत्तानं विचारलं होतं, त्याचं काय झालं ते ऐका.

फ्लेक्स छापायची मोठाली मशिनं बनवणारी एक कंपनी हाय. तिचे शेअर त्याला घ्यायचे होते. मी म्हणलं, "कामून रे?"

"केजच्या चौकात बघ की. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळ्याला फ्लेक्स. लई वाढनार हाय ही कंपनी."

"गावातली पोरं सगळी पुण्याला गेली. मानसंच न्हाईत, तर फ्लेक्स कोन लावनार?"

त्यानं ऐकलं न्हाई. घेतले.

पुढं त्याचे वडील, आण्णा, वारले. पुण्याहून पुतण्यांचे, भाच्यांचे फोन आले. सगळ्यांचं एकच, "पोचायला रात्र होईल, तुमी उरकून घ्या. फोटो पाठिवलाय, फ्लेक्सवर तेवढा टाका."

दुपारी केजहून फ्लेक्स आला. वर आण्णा, खाली 'शोकाकुल' म्हणून या सगळ्यांचे फोटो. ते मावंनात म्हणून दुकानदारानं फ्लेक्सच वाढवला होता.

तिरडी उचलायची वेळ झाली. दत्ताच्या हातात मडकं. खांद्याला मी आन् शेजारचे दोन म्हातारे. चौथा मिळंना. शेवटी फ्लेक्स बांधायला आलेला मानूस शिडीवरून उतरला आन् त्यानं खांदा दिला.

स्मशानातून आल्यावर दत्ता त्या फ्लेक्सखाली थांबला. एकेक फोटो बघत राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणला, "म्हणलं नव्हतं तुला? लई वाढनार हाय ही कंपनी."