जंत कोणाच्या पोटात

खरं सांगतो सिस्टर, यातला एक शब्द इकडचा तिकडं नाई, उजव्या डोळ्याची शपथ — नाई, थांबा, उजव्यात मोतीबिंदू उतरून राह्यला, डाव्याची घ्या. सोमाजी थापा मारते असं तुम्हाले आशावर्कर पुनमनं सांगतलंच असन, पण थापा वेगळ्या आन् हे वेगळं. मले फक्त एक कागद पाह्यजे. 'कमलाबाईले जंत झाले होते, गोळी देल्ली, आता बरी हाय' — खाली तुमची सही आन् शिक्का, झालं. अकरा वाजता शाळेत समितीची सभा हाय. कागद नसन तं माझ्या बायकोचं खिचडी शिजवाचं काम आजच जाते. ती बाहेर बाकड्यावर बसली हाय, तिले आत बोलवाचं काही काम नाई. जे विचाराचं ते मले विचारा. पण हळू विचारा.

कशानं झाले म्हंता? पावन्यानं. भामरागडचा पावना आला होता, पर्लकोटा नदीले पूर आला, रस्ता बंद झाला, आठ दिवस आमच्याच घरी, आमच्याच सतरंजीवर — काय? पुनम म्हंते भामरागडात आमचं कोणी नाई? या पोरीले गावातल्या समद्यायचे सोयरे पाठ हायेत का? बरं, पावना सोडा. जंत काही पत्ता विचारून येतेत का, आले म्हंजे आले.

खाज? रात्रीच. तिलेच. अंथरुणावर अंग टाकलं का सुरू होते — जशी मुंग्यायची वारूळंच बसली तिथी. माणूस उठते, अंगणात जाते, गार पाण्यानं धुते, येऊन पडते, का पुन्हा तेच. एकदा बॅटरी घेऊन पाह्यलं तं पांढरे पांढरे, शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे कसे, वळवळून राह्यले... मी कसं पाह्यलं? मले दाखवलं ना तिनं. नवऱ्याले नाई दाखवन तं का सरपंचाले दाखवन? गोळी घेतली होती. शाळेत लेकरायले जंताच्या गोळ्या वाटल्या, त्यातली एक उरली होती, ती चावली, गोड लागते — गोड लागते असं ती म्हणे. चार दिवस स्वर्ग. पंधरा-वीस दिवसानं पुन्हा तेच. मंग पळसाच्या बिया कुटून गुळात खाल्ल्या, पोटात अशी कळ निघाली का मोहाच्या झाडाखालीच लोळलो — लोळली. ती लोळली.

घरच्या समद्यायनं एकाच दिवशी घ्याची? आन् दोन हप्त्यानं पुन्हा एक? चादरी उन्हात? हे तं कोणी सांगतलंच नाई. म्हंजे, विचारलंच नाई. विचारणार कोणाले? बावन्न वर्षाच्या माणसानं लेकरायचा रोग घेऊन तुमच्या इथी बायापोरायच्या लाइनीत उभं राहाचं? मी चादर धुवून आतमधी धानाच्या कोठीवर वाळू घालत होतो, कोणाले दिसू नये म्हून — तिची चादर. मी धुवतो तिची चादर. काऊन, नवऱ्यानं धुवू नये का?

असं पाहू नका सिस्टर.

मागच्या हप्त्यातली गोष्ट, धानाचं रोवणं चालू होतं. नथ्थूच्या टपरीवर समदे बसले, मले काही बसता येईना — या कुल्ल्यावर, त्या कुल्ल्यावर. हेमराज होता तिथी, शाळासमितीचा अध्यक्ष. म्हणे, "काऊन हो सोमाजी, आज बाकड्याले काटे उगवले का?" आन् समदे हसले. आता तीस वर्षं झाली, या गावाले मी हसवतो. माझ्यावर हसाची यायले सवय नाई, मलेही नाई. तं तोंडातून निघून गेलं — "माझं काही नाई बापा, आमच्या कमलीले जंत झाले, रातभर झोपू देत नाई. काल एक निघाला तो दोन हात लांब. म्या खुंट्याले बांधून ठेवला, सकाळी बैलाचं दावं तुटलं तं त्याच जंतानं बैल बांधला!" अशे हसले, अशे हसले, नथ्थूचा चहा उतू गेला. आन् माझ्याकडं कोणी पाह्यलं नाई. आरामात खाजवलं म्या.

तिसऱ्या दिवशी शाळेत खिचडीचा गंज भरलेला तसाच राह्यला. बेचाळीस लेकरं, चौतीस डबे घरून आले. चौदा वर्षं शिजवून राह्यली ती, सिस्टर. तांदूळ दोनदा निवडते, नखं कापल्याशिवाय चुलीजवळ जात नाई. आमच्या हातचं खाणं दोन-चार घरायले पह्यलेपासूनच जड जात होतं, बौद्धायची बाई म्हून — पण बोलाले तोंड नोतं. तोंड म्या देल्लं. आता हेमराज म्हंते, "जातीपातीचं काही नाई सोमाजी, लेकरायच्या तब्येतीचा प्रश्न हाय."

ती? तिले मालूम नाई कोण बोललं ते. चार दिवसापासून विचारून राह्यली, "कोणी उठवलं असन हो?" मी म्हंतो, लोकायच्या तोंडाले का हात लावता येते. रोज राखेनं हात घासते, बोटाची साल निघाली. काल म्हणे, "मले खरंच असतीन का हो? मले तं काही समजत नाई." आन् मी म्हटलं — जाऊ द्या, मी काय म्हटलं ते.

म्हंजे तपासल्याबिगर सही नाई? ज्याले हायेत त्याचंच नाव लिहिता? अवो, दोघायले गोळी द्या, चार द्या, पण नाव... सिस्टर, तिले हाक नका मारू. सिस्टर, हात जोडतो —

ये, कमले. बस. हात नको दाखवू, तुले कोणी काही विचारत नाई. हे पाह्य. जंत मले हायेत. दोन महिन्यापासून. नथ्थूच्या टपरीवर मीच बोललो. दोन हाताचा जंत, तो बैल, तो खुंटा, समदं थापच होतं, आन् ते एकाही माणसाले पटलं नाई. तुझं नावही थापच होतं. तेवढं मात्र समद्यायले पटलं.

शिवी दे. गोळी तं घे, कमले, दोघायनं घ्याची म्हंते सिस्टर — अवो, कुठी चालली?

लिहा सिस्टर. सोमाजी लिहा, मोठ्या अक्षरात. सभेत हेमराजसमोर मीच वाचून दाखवतो. आन् हसले तं... द्या लवकर. द्या म्हटलं ना.