खळ दिलेले खाणकामगार

“हॅलो? ...कोण, रुकय्या? ...रुकय्या, आधी सांग, कपडे पाण्यात घातलेस का? ...कपडे गो! हुसेनभाईंचे, शेजारच्या खोलीतल्या सहा जणांचे, आठवड्याचे... हो, तेच, ग्रीसचे... घातलेस की नाही, एका शब्दात सांग... घातलेस? किती? ...एकच विजार? काढ ती बाहेर! ...अगं आधी धाव, मग विचार. मी धरते फोन.”

१९६४ सालच्या मार्चमधला शुक्रवार. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. कपडे धुऊ नका, असं कुवेतमधल्या अहमदी गावी झहूरच्या लाँड्रीत आजवर कोणी बोललं नव्हतं; आज खुद्द त्याची बायको शरीफा ते फोनवर ओरडून सांगत होती. पलीकडे तिची नणंद, हुसेनभाईंची बायको. ती मंगफला, इद्रीसच्या बकाल्याच्या वर राहायची, आणि फोन खाली त्या किराणा दुकानात होता. नणंद जिना चढून उतरेपर्यंत शरीफानं समोरच्या दांडीकडे पाहणं टाळलं. दांडीवर सात पोशाख टांगले होते. धुतलेले, रफू केलेले, कडक इस्त्रीचे. संकट काय ते तिथंच लटकत होतं.

“आलीस? ...काढलीस? ...पिळू नकोस! पिळली की मळ जाईल तिचा... वेड नाही लागलं मला. ऐक ना... अगं ऐक ना. तुझ्या भावानं आणि मी मिळून क्लबचं काम घालवलंय. ...अजून गेलं नाही. दोन वाजता जाईल.”

“कुठला म्हणजे? तेल कंपनीच्या साहेबांचा क्लब. ...हॅलमबाई, हो. ते सिनेमा काढतायत, ईदला बोलले होते ना मी... छोट्या कॅमेऱ्यानं. ...नाही गो, मुंबईला कशाला लागतोय! आपसातच बघणार, भिंतीवर पडदा लावून. ...त्यांच्याकडची एक कादंबरी आहे, उशीएवढी जाड. शंभर वर्षांपूर्वीचे कोळशाच्या खाणीतले मजूर, त्यांचे हाल. ...हो, त्यांच्यातही असतात मजूर. बाईचा आजा तसलाच होता म्हणे. ...मजूर कोण होणार, साहेबच! अकाउंटवाला, शाळेचा मास्तर, दातांचा डॉक्टर... आणि मजुरांचा पुढारी कोण, सांग. ...हॅलमसाहेब! ...तोच. हुसेनभाईंच्या वर्कशॉपचा मोठा साहेब. ...हस. हसून घे, मग माझं ऐक.”

“बुधवारी बाईनं सात पोशाख पाठवले. फाटके. ...फाटके म्हणजे मुद्दाम फाडलेले. ब्लेडनं कापून, किसणीवर घासून, चहात बुडवून, काजळी चोळून... तीन महिने खपली होती ती. ...मला काय स्वप्न पडलं होतं? ...चिठ्ठी होती. दोन बटणं तुटलीत तेवढी लावा, असं स्वच्छ लिहिलं होतं. ...लावली की बटणं! पण बटणाच्या शेजारी हे एवढं भोक. ...तू ठेवलं असतंस? ...बघ! भोकासकट सदरा माझ्या हातून बाहेर गेला तर आमच्या बाणकोटला कुठल्या तोंडानं जाऊ? ...एक्केचाळीस भोकं. दोन दिवस मान वर केली नाही. ...आणि तुझा भाऊ म्हणाला, एवढी रफू केलीस तर मळकं कसं द्यायचं? सोड्यात उकळले. ...खळ? दिली ना. नवरदेवाच्या सदऱ्याला देतात ती.”

इस्त्रीच्या टेबलामागून झहूरनं बोट वर करून काहीतरी दुरुस्ती सुचवली.

“हो, सांगते... नीळसुद्धा घातली म्हणतायत.”

“आज आठ वाजता बाई आली. दांडीकडे बघितलं. ...ओरडली असती तर बरं झालं असतं गो! खुर्ची मागितली. बसली. म्हणाली, शरीफा, व्हेरी ब्युटिफुल. आणि रडायला लागली. ...अर्धा सिनेमा काढून झालाय ना! मागच्या शुक्रवारी सगळे खाणीच्या दारातून आत शिरले, फाटके, काळेकुट्ट. आज दुपारी आतला भाग. आता बघ... दारात भिकारी, आणि उंबरा ओलांडला की सातही नवरदेव. ...तेच सांगत होती ती. एकदा पडद्यावर दिसला तो कपडा सिनेमा संपेपर्यंत तसाच पाहिजे म्हणे. इकडचा डाग तिकडे होता कामा नये. ...नाही, मागच्या वेळी लांबून काढलंय, त्यात नुसता मळ दिसतो, सदरा कुठला ते कळत नाही. आज मात्र जवळून काढणार. एकेकाचं बटण दिसेल.”

“मळवले ना परत! मी गप्प बसले असेन का? चहा ओतला. वाळू चोळली. तुझा भाऊ मोटरीखाली झोपून काळं तेल घेऊन आला. ...कशाचं काय! आमचीच खळ ती. अळवाच्या पानावर पाणी ओतावं तसं सगळं ओघळून खाली. घाणसुद्धा धरेना. ...चांगली झालीय गो खळ, फार चांगली झालीय, तेच तर रडणं आहे. दोन वाजेपर्यंत सात मळके पोशाख नाही दिले, तर पहिल्या तारखेपासून क्लबच्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, सगळं दुसऱ्या लाँड्रीला. मग आमच्याकडे राहिलं काय? शटर ओढायचं आणि मुंबईची बोट धरायची. ...म्हणून तुला फोन. साऱ्या कुवेतमध्ये खरा, जुना, आठवडाभर मुरलेला मळ आज तुझ्याकडे आहे.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. शरीफानं फोन कानापासून चार बोटं लांब धरला, मग परत जवळ घेतला.

“लाज कसली त्यात? कामाचा मळ आहे, चोरीचा नाही. ...वास? येऊ दे की. वासाचा फोटो निघत नाही. ...काळं ते काळं, कोळसा काय आणि ग्रीस काय, रंगीत थोडाच आहे तो सिनेमा. ...एकच जोड? प्रत्येकाकडे? ...हो, सकाळी सहाची ड्युटी, ते माहीत आहे मला. ...मग दुसरा जोड मागा ना वर्कशॉपकडे! ...मागितला? ...अर्ज केला? कधी? ...डिसेंबरात? अगो बाय! आणि आहे कुठं तो अर्ज? ...कोणाच्या टेबलावर म्हणालीस? ...हॅलमसाहेबाच्या?”

झहूरनं इस्त्री उभी केली. बायको फोनवर गप्प बसली म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, एवढं अकरा वर्षांच्या संसारात तो शिकला होता.

“...आहे, आहे, लाइन आहे. विचार करत होते. रुकय्या, त्या अर्जाची नक्कल ठेवली असेल ना हुसेनभाईंनी? ...खिशात? त्याच सदऱ्याच्या? ...साहेब भेटला तर दाखवायला, रोज? ...आणि तू दर शुक्रवारी धुण्याआधी काढतेस, वाळल्यावर परत घालतेस. बरोबर करतेस. ...आज काढलास? ...मग नको काढू. ...काही नाही, राहू दे. ...सांगते ना! आज सिनेमात काय आहे ठाऊक आहे? मजुरांचा पुढारी खाणमालकापुढं उभा राहतो, खिशातून कागद काढतो आणि त्यांची मागणी वाचतो. ...कसली मागणी म्हणजे? कपड्यांची! एकच जोड, दिवसभर खाणीत भिजायचा आणि सकाळी तोच ओला अंगात चढवायचा. दुसरा जोड द्या म्हणतात. ...अल्लाशपथ. कादंबरीतच आहे, बाईनं मला सगळी सांगितलीय, बटणं मोजता मोजता.”

“घाबरतेस कशाला? नोकरी कशी जाईल? हुसेनभाई तिथं आहेत का? ते जुम्म्याला मशिदीत. कागद त्यांनी दिला का? साहेब स्वतःच्या हातानं काढणार, स्वतःच्या तोंडानं वाचणार. ...आणि विचारलंच, तर धोब्याकडे आलेल्या कपड्याच्या खिशात कागद निघायचाच. खिसे तपासणं आमचं काम, आणि आज आम्हाला वेळ नव्हता. ...संध्याकाळपर्यंत परत? ...हो गो. मागेन ना मी. बाईकडे मागितल्याशिवाय राहीन का?”

हे शेवटचं वाक्य शरीफानं फार तोलून उच्चारलं. रुकय्याला त्यात कपडे परत येण्याचं वचन ऐकू आलं. शरीफानं ते दिलं नव्हतं.

“मग सातही बांधून ठेव. ओली विजार वेगळी बांध, मोटरीत वाळेल. तुझा भाऊ निघालाच, वीस मिनिटांत... अहो! चावी तिथं, खिळ्याला! आणि हे बघा, खिशांना हात लावायचा नाही! ...तुला नाही गो, ह्यांना. सवय वाईट असते. ...हॅलो? ...रुकय्या? ...हॅलो?”

लाइन गेली होती. शरीफानं फोन ठेवला आणि दांडीवरच्या एका सदऱ्याची कॉलर उगाच सारखी केली.

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. तो कोणाचा हे ठाऊक असूनही तिनं तो चार वेळा वाजू दिला.

“हॅलो? ...हो, मीच. ...नाही आले गो कपडे. ...अगं ऐक ना! ...रागाव, पण ऐकून रागाव. क्लबचं काम राहिलं, आधी ते ऐक! बाईनं गठडं उघडलं, एक सदरा वर धरला, आणि माझा गालगुच्चाच घेतला. म्हणाली, तीन महिन्यांत मला हे जमलं नाही.”

“गेले होते ना. दारामागं उभी होते. ...हॅलमसाहेबानं हुसेनभाईंचा सदरा चढवला आणि नाकाचं असं झालं... बाई म्हणाली, तेच तोंड ठेव, आत्ता कुठं मजूर दिसतोस. दातांचा डॉक्टर खाजवून खाजवून बेजार. ...मालक कोण? तुमच्या वर्कशॉपच्या स्टोअरचा साहेब, टोपी घालून पायरीवर. मग पुढारी पुढं झाला. खिशात हात घातला. ...त्यांचा खोटा कागद टेबलावर राहिलेला, पण खिशात कागद लागला, त्याला वाटलं हाच. काढला. उघडला. तोंड उघडलं... आणि थांबला.”

“नुसता थांबला गो. बाई ओरडतेय, वाच, वाच, फिल्म जातेय! ...वाचला! मोठ्यानं! आवाज येत नाही त्या कॅमेऱ्यात, पण ओठ हलायला हवेत ना. आम्हा सात फिटरांकडे एकेकच जोड... हो, तारखेसकट. खालच्या नावासकट. ...स्टोअरचा साहेब पायरीवर बसून हसायला लागला. आणि बाई टाळ्या वाजवतेय. म्हणाली, तू जो थांबलास ना, तसं तर कादंबरीतही नाही. ...लाल झाला असेल. काजळीखाली काय दिसणार?”

“मग मी पुढं झाले. तुला शब्द दिला होता ना, मागेन म्हणून. म्हटलं, मेमसाब, कपडे द्या, सात जणांना सकाळी सहाला ड्युटी आहे, एकेकच जोड आहे, धुऊन देते. ...किंचाळली! म्हणाली, धुऊन? अजून चार शुक्रवार सिनेमा आहे! एक डाग हलला तर बघ! ...मी कशाला वाद घालू? जी मेमसाब म्हटलं. फक्त एवढंच विचारलं की मग ते सात जण उद्यापासून घालणार काय. ...तर ती साहेबाकडे बघायला लागली. मास्तर बघायला लागला. डॉक्टर, अकाउंटवाला, सगळे. मजूरच ते, आणि पुढारी तो.”

“...तिथंच! स्टोअरच्या साहेबाच्या पाठीवर कागद टेकवून! ...सही गो, सही! प्रत्येकाला दुसरा जोड. नक्कल असली म्हणून काय झालं, शाई खरी आहे. आहे माझ्या हातात. ...वाळवतेय. ...अगं रडतेस काय, हुसेनभाईंना बोलाव फोनवर. ...बरं, नको, आधी रडून घे.”

तिनं खरोखरच फोन धरून वाट पाहिली. बाहेर झहूर मोटरीत काहीतरी चढवत होता. दांडी अर्धी रिकामी झाली होती.

“झालं? ...उद्या सकाळी? स्टोअर आठला उघडतं, ड्युटी सहाला, ते आलं माझ्या लक्षात. दोन तासांचा तर प्रश्न. ...तुझा भाऊ निघालाय घेऊन. ...कुठले म्हणजे? दांडीवरचे! सात पोशाख, रफू केलेले, इस्त्रीचे. मापं बसतील, साहेबांपेक्षा हुसेनभाईंनाच बसतील. ...बाईला विचारलंय ना, तिला आता त्यांचा उपयोग काय? ...जाकीट नको तर काढा म्हणावं, टोपी मात्र घाला, छान आहे. ...हसू देत वर्कशॉपला. ग्रीस लागायचं नाही त्यांना, एवढं मी लिहून देते.”

“...काय? ...मी? ...सकाळीच ठरवलं होतं? काहीतरीच तुझं! ...नाही गो. मी आपली दोन बटणं लावायला घेतली होती. ...ठेवते. तव्यावर भाकरी आहे.”

तव्यावर काही नव्हतं. तिनं फोन ठेवला.