आठ ढेपांची गूळतुला

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हिवरेखिंडीचे सरपंच माननीय लालासाहेब, पंचायत समितीतून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या राजेश्वरीताई, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, माझ्या भागातल्या सगळ्या अंगणवाड्यांच्या सेविका आणि मदतनीस, समोर सतरंजीवर बसलेल्या आयाबाया, आणि त्यांच्या मांडीवर आत्ता गप्प असलेली पण कधी भोकाड पसरतील याचा नेम नाही अशी माझी लेकरं, सगळ्यांना मंगल मासाळचा नमस्कार.

अंगणवाडी सेविका म्हणून याच गावात सुरुवात केली आणि आज पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त होते आहे. एवढं कौतुक एका दिवशी ऐकायची सवय नाही. राजेश्वरीताई आत्ता म्हणाल्या, "मंगलताई म्हणजे चालतंबोलतं आहारशास्त्र." केवढ्या टाळ्या पडल्या! मी मान खाली घातली. तुम्हांला वाटलं असेल, बाई विनयानं लाजल्या. विनय कसला हो? मला खरोखरची लाज वाटत होती. बोलण्याचं ठीक आहे ताई, बोलते मी भरपूर. चालण्याचं म्हणाल, तर या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढताना मला दोघींनी धरलं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. बघून न बघितल्यासारखं केलंत, हा तुमचा मोठेपणा.

आता हा माझ्या उजव्या हाताला झेंडूच्या माळा घालून उभा केलेला तराजू. लहान मुलांनो, तुम्हांला वाटत असेल, हा झोपाळा आहे. झोपाळा नव्हे बाळांनो. माझं भाषण संपलं की यात माझी गूळतुला होणार आहे. एका पारड्यात मी बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवायच्या, आणि तो गूळ शेंगदाण्याच्या लाडवांसाठी सगळ्या अंगणवाड्यांना वाटायचा. किती मोठ्या मनाची कल्पना! ही सुलाबाईंची कल्पना. सुलाबाई आपल्या वरच्या वस्तीच्या सेविका, तुम्ही ओळखताच. परवा त्यांनी मला हे सांगितलं आणि मी लगेच मोडता घातला.

मी म्हटलं, "सुलाबाई, तुला-बिला पुढाऱ्यांच्या करतात. मला एक नारळ द्या, लई झालं."

त्या म्हणाल्या, "आवं बाई, नारळ काय समद्यांनाच देत्यात. तुमी आमच्या पोरांची वजनं केली, आता आमी तुमचं करतो."

मी म्हटलं, "माझा गुडघा दुखतोय, पारड्यात बसता यायचं नाही."

"मग खुर्चीसकट उचलून ठेवतो की!"

बघा! पळायला जावं तर वाटेत आणखी मोठा खड्डा. खुर्चीचं वजन वर वाढणार, ते वेगळंच.

हसा, हसा. मलाही आत्ता हसू येतंय, पण परवापासून मला झोप नाही. मघाशी लालासाहेब बोलत होते ना, माझ्या कामाबद्दल, ते मी नीट ऐकलं नाही, माफ करा सरपंच. मी त्या ढेपा मोजत होते. आठ आहेत. दहा-दहा किलोच्या. मंडळी, एखाद्या बाईला वजन विचारायचं कसं, म्हणून या माझ्या मैत्रिणींनी अंदाज बांधला. अंदाजसुद्धा किती सभ्यपणानं बांधावा! माझ्याबद्दल इतकं चांगलं मत आजवर कुणी केलं नसेल.

आणि मी खुर्चीवर येऊन बसते न बसते तोच केरबा माझ्या कानाशी आले. केरबा बाजारात धान्य तोलतात, तराजू त्यांचाच आहे. त्यांच्या नजरेला काटा लागत नाही. म्हणाले, "बाई, आठ ढेपांत भागायचं न्हाई. पर तुमी काळजी करू नगा. मी गुळाच्या पारड्यामागं उबा ऱ्हातो, हार आडवा धरतो आन् पायानं दाबतो. कुनाला कळायचं न्हाई."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "दाबा बरं." इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या भाषणात या बाईनं हे काय लावलंय? थोडा धीर धरा. माईक हातात आहे तोवर बोलते, एकदा ठेवला की मग माझ्यानं बोलवणार नाही.

मी सगळ्यांना सांगितलं आहे की गुरुवारी मी विश्रांतीला म्हणून सांगलीला जाऊबाईंकडे चालले आहे. ते खोटं आहे. माझ्या जाऊबाई या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनाही ते आत्ताच कळतं आहे. मी सांगलीतच, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी चालले आहे. साखर पंधरा वर्षांची जुनी, गुडघे गेलेले, रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, श्वास अडकतो. पथ्यं केली, उपास केले, चालून पाहिलं. दहा किलो जायचे, बारा परत यायचे. सून अंकिता शेवटी हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण फार शांत. त्यांनी कागदावर पोटाची चित्रं काढून समजावलं. एक म्हणजे फुगा. तोंडावाटे पोटात सोडतात, सहा महिन्यांनी काढतात, कापाकापी नाही. पण फुगा गेला की भूक पुन्हा दारात. माझ्यासारखीला त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसरी स्लीव्ह. पोटाचा मोठा भाग उभा कापून काढून टाकायचा, उरतं ते केळ्याएवढं. तिसरी बायपास. वरच्या बाजूला अंड्याएवढा कप्पा करायचा आणि आतडं थेट त्याला जोडायचं. बाकीचं पोट आतच राहतं, पण अन्न त्या वाटेला जात नाही. घरी येऊन सांगितलं, तर आमच्या यांना हे फार चटकन कळलं. म्हणाले, "म्हंजे गाडी गावात न शिरता भाइरनं जानार."

हे म्हणजे धनाजीराव, मागे खांबाला टेकून उभे आहेत ते. नका लपू आता.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "जळजळ किती होते?" मी म्हटलं, "होते कधीतरी." मंडळी, उशाला तीन उशा घेऊन बसून झोपणारी बाई मी! का खोटं बोलले? तर स्लीव्हमुळे जळजळ वाढू शकते, ज्यांना ती आधीच जास्त आहे त्यांना शक्यतो बायपास करतात, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. आणि मला बायपास नको होती. मग त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि माझं सगळं उघडं पडलं. अन्ननलिका आतून लालबुंद. तुमच्यातली एखादी आई म्हणते ना, "खातंय की बाई, दोन-दोन भाकरी खातंय," आणि पोराच्या फासळ्या मोजता येतात, तेव्हा मी कशी बघते तिच्याकडे? तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण ओरडल्या नाहीत.

म्हणाल्या, "तुमची साखर आणि ही जळजळ बघता माझा सल्ला बायपासचा आहे. आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतील, तपासण्या चुकवून चालणार नाहीत. आणि गोड खाल्लंत तर घाम फुटेल, छाती धडधडेल, गरगरेल. तरी तुमच्यासाठी तीच बरी. तुम्हांला स्लीव्हच का हवी आहे?"

मी म्हटलं, "बघते, सांगते नंतर."

कारण सांगायचीसुद्धा लाज वाटावी असं ते कारण होतं. मला गोडाचा मोह सुटत नाही, असं असतं तरी मी सांगितलं असतं. कारण ते नव्हतं. कारण तुम्ही होता. माझं काम कसलं? आज या घरी बारसं, उद्या त्या घरी डोहाळजेवण. गेल्या गेल्या हातावर साखर, पेढा, नाहीतर गुळाचा खडा. नाही म्हटलं की मनुबाईसारखी म्हातारी लगेच म्हणणार, "का वं? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?" आमच्या धनगरवस्तीत लहानपणी मी हा प्रश्न आईच्या तोंडून ऐकलाय, त्यामुळे मी कुणाच्या घरी कधी नाही म्हटलं नाही. तुम्हांला दोष देत नाही हं. हात माझा, तोंडही माझंच. पण बायपासनंतर कुणी मायेनं पेढा भरवला आणि मी तिथंच घामाघूम होऊन खाली बसले, तर? सगळ्यांना कळणार. आणि स्लीव्हचं काय, चार दिवस जाऊबाईंकडे राहून यायचं, थोडं थोडं खायचं आणि सांगायचं, "पथ्य केलं बायांनो, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, चालणं. तुम्हीही करा." तुम्ही सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या.

कोणती शस्त्रक्रिया बरी, हे मी विचारलंच नाही. कोणती लपेल, एवढंच बघत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणू नये, म्हणून मी माझ्याच जिवाशी सौदा करायला निघाले होते. घरीही हेच. धनाजीराव म्हणाले, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे. खाऊन खाऊन प्वाट कापून घेतलं म्हनतील." तेही प्रेमानंच म्हणाले, माझी बदनामी त्यांना सोसत नाही. अंकिता तेवढी म्हणाली, "आई, लोकांना काय सांगायचं ते नंतर बघू. आधी तुम्ही राहाल असं बघा." त्या दिवशी मी तिच्यावर चिडले. अंकिता, चुकलं माझं.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "मावशी, इतकं वजन नुसतं हावरेपणानं वाढत नाही. शरीराचीही काही खोड असते, हा आजार आहे, यात गुन्हा काही नाही." मी मान हलवली, पण मनात ते शिरलं नाही. पोषणाचे तक्ते भिंतीवर लावत आयुष्य गेलं, आणि तक्त्याला पाठ लावून उभी राहणारी मी ही अशी. लाज एवढ्या लवकर जात नाही. त्यांना मी अजून स्लीव्हच सांगून ठेवली आहे. "पुन्हा विचार करा, उद्या सकाळपर्यंत फोन करा," असं त्यांनी म्हटलंय.

विचार करायला मी हा समारंभ होऊन जायची वाट बघत होते. आणि मघाशी केरबा म्हणाले, पायानं दाबतो.

सेविकांनो, तुम्हांला आठवतं का, टांगत्या काट्याला पोरगं झोळीत लटकवलं, की तुमच्यातली एखादी हळूच झोळीला खालून बोट लावून ओढायची? वाढीच्या तक्त्यावर पोर लाल रेघेतून हिरव्या रेघेत यायला एवढं बोट पुरतं. अहवाल चांगला, साहेब खूश, आईही खूश. फक्त पोराला वाढीव आहार मिळत नाही. मी तुम्हांला किती बोलायचे! "हात काढ आधी! काटा बोलतोय ते ऐक!" सुलाबाई, तुम्ही तर एकदा रडला होतात. आणि मग त्याच दुपारी त्या पोराला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला होतात. तेच पोर, तुमचा तो यशराज, आज हार-नारळांच्या व्यवस्थेला धावतोय, चांगला दांडगा झालाय.

आणि आज मी स्वतः म्हणाले, "दाबा बरं."

तेव्हा मी आता काय करणार आहे ते सांगते. हे भाषण संपलं की मी त्या पारड्यात बसणार आहे. सुलाबाई, खुर्ची नको, मी पाटावर बसेन. माझं वजन एकशे सोळा किलो आहे. हो, बरोबर ऐकलंत. नवऱ्यालाही हा आकडा आज पहिल्यांदा कळतोय. आठ ढेपा ठेवल्या तरी मी जागची हलणार नाही. ते बघताना तुम्हांला अवघडल्यासारखं होईल, मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं होईल. होऊ दे. कुणी उसना गूळ आणायला पळू नका. पारडं राहिलं तसं राहू द्या. आणि उद्या सकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगणार आहे, बायपासच करा.

त्यानंतर मी तुमच्या घरी येईन. बारशाला येईन, डोहाळजेवणाला येईन. फक्त माझ्या हातावर साखर ठेवू नका. मनुबाई, तुमच्या घरचं मला चालतं, जन्मभर चालत आलंय. आता मला एक वाटीभर पातळ ताक द्या आणि नुसतं शेजारी बसवून घ्या. आणि पुढच्या वर्षी याच दिवशी, तुमची हरकत नसेल तर, मी पुन्हा या तराजूत बसेन. ढेपा मात्र आठच आणा. वाढवू नका, कमी करू नका. तुम्ही मायेनं केलेला अंदाज खरा करून दाखवायची माझी इच्छा आहे. जमेल की नाही, देव जाणे.

बाकी, नोकरीच्या काळात रागानं कुणाला टाकून बोलले असेन, कुणाच्या पोराचं वजन चारचौघींत मोठ्यानं वाचलं असेन, आणि आजच्या मंगल प्रसंगी माझं दुखणंखुपणं काढून तुमचा हिरमोड केला असेन, तर आपली समजून पदरात घ्या. लालासाहेब, राजेश्वरीताई, आपण आलात, चार चांगले शब्द बोललात, आभारी आहे. ज्यांनी घरचे आठाणे-बाराणे जोडून हा गूळ आणला, त्या बायांचे आभार मानायला मला शब्द नाहीत. लाडू चांगले वळा, शेंगदाणे भाजून घ्या, आणि गरीब-श्रीमंत न बघता सगळ्या पोरांना सारखे द्या.

धनाजीराव, तेवढं पुढे या आणि मला पायरी उतरायला हात द्या. सगळ्यांदेखत द्या.

आणि केरबा, तो हार बाजूला ठेवा, आणि पाय काढा.