गोणपाटाआडची पाचट

हसा, हसा तुम्ही! पर त्या गेणबा सुताराचं तवा ऐकलं असतं, तर आज मला खुटबावला जायाची अशी लाज वाटली नसती! तुमास्नी सांगतो, दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या साली घरावरची कौलं बदलायची काढली. आन् कशापायी? हौस म्हणून न्हाई हो! आमची थोरली रंभा, एकविसावं लागलेलं, तिला बघायला आलेल्या आदल्या पाव्हण्यांच्या चहात वरनं माती पडली. ते तसंच उठलं, म्हणलं, "छप्पर असलं तर माणसं कसली असत्याल!" पोरगी आठ दिस कुणाशी बोलली न्हाई... मला बघवंना.

मग शिरूरवरनं गाडीभर नवी कौलं आणली. जुनी उतरली तर खाली काय? वाशांवर तुराट्या, तुराट्यांवर उसाची पाचट, समदं कुजलेलं, बोट लावलं की भुगा! गेणबा वरनं वरडतोय, "आप्पा, ह्ये समदं काढू, नव्या तुराट्या बांधू, चार दिस लागत्याल!" चार दिस? आन् खुटबावचं पाव्हणं परवा! मी म्हणलं, "गप रं, घाल त्याच्यावरच कौलं, खालनं गोणपाट ठोक, चुना मार. आतलं कोन बघतंय?" तर म्हणतो कसा, "उंदरं बघत्यात की!" घ्या!

झालं, ठोकलं. आमची सगुणा म्हणली, "अवो, पोरीच्या कामात खोटं नगं." म्हणलं, तू भाकरी थाप, आतलं कोन बघतंय?

परवा दिशी खुटबावचं हौसराव आलं, पोराचा बाप. पोरगा दौंडला रेल्वेत खलाशी, आन् हौसराव माणूस शांत, मोठा फेटा. रंभा पसंत पडली बरं का! ती दाराआडनं बघतीय, गाल लाल... आन् हौसराव वर बघत बसलेलं. "समदं नवं केलं जणू?" म्हणलं, "तर! तुराटी न् तुराटी नवी!" लाज न्हाई जिभंला!

तर हौसरावांनी चहाची बशी खाली ठिवली. "पाव्हणं, मग न्हाई जमायचं. आमचं घर अजून पाचटीचं. असल्या घरातली लेक आमच्याकडं कशी ऱ्हाईल? जीव गुदमरंल तिचा." आन् उठलं की हो! दाराआड पोरीचं तोंड... मेल्याहून मेल्यावानी झालं मला.

म्हणलं, "अवो बसा! नवं न्हाई, आतनं समदं कुजलंय!" तर हौसराव हसत्यात, "मन राखायला म्हणताय." अवो, खरं बोललो तर कुणी ऐकंना! शेवटी कोपऱ्यातलं दांडकं घेतलं आन् घातलं गोणपाटात... फर्रर्र! पाचट, भुगा, उंदराची लेंडकं, समदं धो धो खाली, आन् मागनं सापाची हातभर कात, निम्मी हौसरावांच्या फेट्यावर, निम्मी खांद्यावर! सगुणानं डोळंच मिटलं. मी दांडकं धरून उभा, वाटलं, आता ह्यो माणूस ह्येच दांडकं माझ्या टाळक्यात घालंल.

हौसरावांनी कात काढली, बाजूला ठिवली, पाचट झटकली आन् म्हणलं, "असला सोयरा मिळायचा न्हाई. लेकीसाठी सोताची अब्रू फाडून दावली!" झाली की हो सुपारी तिथंच, त्या भुग्यात बसून! रंभा रडली, सगुणा रडली, मीबी रडलो... पर माझं रडणं निराळं होतं.

मी कुठलं खरं बोललो हो? सोयरीक हातची चालली म्हणून खोटं फाडलं, ती राहती तर मरंपतुर झाकलं असतं! आता खुटबावला गेलो की हौसराव समद्या भावकीला गोळा करत्यात, मला तक्क्याला टेकवून बसवत्यात, आन् सांगत्यात, "बघा, उभ्या तालुक्यात खोटं न बोलणारा ह्यो एकच माणूस!" सगुणा पदराआड हसती... आन् मी आपला मान खाली घालून म्हणतो, "व्हय, चहा आणा."